ध्रुव, दुर्बीण आणि आमची नवी बैठक

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या भूगोल विभागात गतवर्षी एक नवे यंत्र आले. ते दुर्बीण नव्हे. दुर्बीण अगोदरपासूनच होती, ८० मिलिमीटर व्यासाची आणि ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची. आली ती दुर्बिणीखालची बैठक, जिला दुकानदार माउंट म्हणतात. तिच्यात मोटर आहे, हातात धरावयाची एक कळफळी आहे, आणि तिच्यावर दुर्बीण व कॅमेरा बसविला म्हणजे ती ताऱ्यांच्या मागोमाग आपोआप फिरते, असे तिच्या खोक्यावर छापलेले आहे. तिची किंमत विभागाच्या वर्षभराच्या साहित्यखर्चाइतकी. ती घ्यावी की तेवढ्या पैशात नकाशे आणि सर्वेक्षणाची साधने घ्यावीत, यावर विभागात बराच खल झाला होता. बैठकीच्या बाजूने बोलणाऱ्यांत प्रस्तुत लेखक अग्रभागी होता. त्यामुळे ती पहिल्या रात्री नीट चालली नाही तेव्हा घरी निघून जाण्याची सोय माझ्यापुरती उरली नव्हती.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण पुढे येणारे गणित आठवीच्या पुस्तकापलीकडचे नाही. उरलेले सगळे भूगोलाच्या पहिल्या प्रकरणातलेच आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे वाक्य आपण पाठ करतो आणि विसरतो. कॅमेरा मात्र ते विसरू देत नाही.

पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातली एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरी होते. ३६० अंशांस या वेळेने भागले की सेकंदाला सुमारे १५ विकला ही गती निघते. विकला म्हणजे कलेचा साठावा भाग आणि कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. ही गती डोळ्यांना जाणवत नाही. परंतु आमच्या दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका, केवळ २.२ विकलांचा आहे. याचा अर्थ स्थिर दुर्बिणीत विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला सात ठिपके ओलांडतो. मृगातील तेजोमेघासारखी अंधूक वस्तू टिपावयास तर मिनिट-दोन मिनिटे कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात तारा तारा राहत नाही, रेघ होतो.

यावरचा उपाय जुना आहे. बैठकीचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणजे आकाशातील ध्रुवबिंदूकडे रोखून ठेवावयाचा आणि त्या एकाच आसाभोवती पृथ्वीच्या उलट दिशेने, तिच्याच वेगाने दुर्बीण फिरवावयाची. मग आकाश जागच्या जागी थांबल्यासारखे दिसते. जर्मनीच्या फ्राउनहोफरने १८२४ साली डोर्पाटच्या वेधशाळेसाठी अशी घड्याळाने फिरणारी मोठी दुर्बीण तयार केली, आणि आमच्या खोक्यातून निघालेल्या बैठकीचा आकृतिबंध मूलतः तिचाच आहे. पण आस ध्रुवाकडे रोखण्याची कल्पना त्याहून पुष्कळ जुनी आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या यंत्राध्यायात जी यंत्रे वर्णिली आहेत त्यांत नाडीवलय नावाचे एक आहे. ते वर्तुळ विषुववृत्ताच्या पातळीत ठेवावयाचे असते, म्हणजे त्याचा आस आपोआप ध्रुवाकडे होतो. भास्कराचार्यांचे नाव आपल्या जिल्ह्याला परके नाही. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या परिसरातील शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठाची नोंद आहे. शके ११२८, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराची ही गोष्ट. तो लेख पाहण्यास आम्ही प्रथम वर्षात सहलीने गेलो होतो आणि बहुतेकांनी तेथे डबे खाल्ले. यंत्राध्यायाचा उपयोग आपल्याला गच्चीवर पडणार आहे, असे तेव्हा कोणाच्या मनात आले नव्हते.

आकाशाचे छायाचित्र घेण्यासाठी यंत्राने ताऱ्यामागे धावण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर सव्वाशे वर्षांपूर्वी झाला आहे, तो येथे थोडा विस्ताराने सांगतो. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते आणि त्याचा पट्टा कोकणकिनाऱ्यावरून महाराष्ट्र ओलांडून ईशान्येकडे जात होता. विजयदुर्गाला इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर येऊन उतरले. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात रेल्वेवरचे जेऊर हे स्टेशन आहे. तेथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले आणि पुण्याहून प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली साधने घेऊन आले. नायगमवाला हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवीत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून त्यांनी तेथे १८८८ च्या सुमारास वेधशाळा उभी केली होती, आणि तिच्यातील डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. ती वेधशाळा १९१२ साली बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. जेऊरच्या वेधांचा नायगमवालांचा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला.

कॅम्पबेल यांच्याजवळ जो कॅमेरा होता त्याची लांबी चाळीस फूट होती! एवढी वस्तू कोणत्या बैठकीवर बसवून फिरवावी? ती फिरविलीच नव्हती. भिंग बुरुजासारख्या उंच सांगाड्यावर पक्के बसविले होते आणि खाली काचेची छायाचित्रपट्टी रुळासारख्या सरकमार्गावर घड्याळाच्या यंत्राने सरकत असे. दुर्बीण सूर्यामागे न धावता सूर्याच्या प्रतिमेमागे पट्टी धावत होती. जेऊरला खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकणार होती. १५ विकलांना १२० सेकंदांनी गुणले की १८०० विकला, म्हणजे ३० कला होतात. सूर्यबिंबाची रुंदीही साधारण तेवढीच. म्हणजे त्या दोन मिनिटांत सूर्य आकाशात स्वतःच्या रुंदीइतका सरकणार आणि चाळीस फुटी कॅमेऱ्यात त्याची प्रतिमा सुमारे साडेदहा सेंटिमीटर पुढे जाणार. हा हिशेब मी स्वतः करून पाहिला तेव्हा मला त्या माणसांची खरी अडचण कळली. आम्हाला आज चुकले तर उद्या रात्री पुन्हा मृग उगवतो. त्यांना दोनच मिनिटे मिळणार होती, आणि त्यासाठी ते महासागर ओलांडून आले होते. म्हणून दोष शोधण्याचे सारे काम त्यांना ग्रहणाच्या आधी, दिवसरात्र सराव करून उरकावे लागे.

आता आमच्याकडे वळतो. पहिली रात्र डिसेंबरातली. वसतिगृहाच्या गच्चीवर बैठक उभी केली, दुर्बीण मृगाच्या पोटातील बाणाकडे लावली, मोटर चालू केली आणि ३० सेकंदांचे छायाचित्र घेतले. चित्रात रेघा. मोटर बंद पडली असावी असे सर्वांना वाटले. विक्रेत्याला फोन केला तर त्याने सांगितले की यंत्र तपासूनच पाठविले आहे, दोष तुमच्या हाताळण्यात आहे. (त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही.) राग आला, पण तो आवरून आम्ही एक काम केले ते बरे झाले. मोटर मुद्दाम बंद ठेवून तसेच दुसरे ३० सेकंदांचे छायाचित्र घेतले आणि दोन्हींतील रेघा मोजल्या. मोटर बंद असताना रेघ सुमारे २०० ठिपक्यांची होती, जी हिशेबाप्रमाणे बरोबर आहे: ४५० विकला भागिले २.२. मोटर चालू असताना ती ४०० ठिपक्यांची होती!

हा आकडा बोलका आहे. मोटर चालतच नसती तर दोन्ही रेघा सारख्या आल्या असत्या. मोटर हळू चालत असती तर रेघ २०० पेक्षा लहान आली असती. दुप्पट रेघ येण्यास एकच मार्ग आहे: मोटर योग्य वेगाने पण उलट दिशेने फिरते आहे. उत्तर गोलार्धात ध्रुवाकडे तोंड करून पाहिले तर आकाश घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, दक्षिण गोलार्धात दक्षिणध्रुवाकडे पाहिले तर काट्यांप्रमाणे. म्हणून अशा यंत्राला आपण कोणत्या गोलार्धात आहोत हे सांगावे लागते. कळफळीत अक्षांश भरताना उत्तर-दक्षिण विचारणाऱ्या रकान्यात आमच्यापैकी कोणीतरी दक्षिण ठेवून दिले होते. कोणी, हे अद्याप उघडकीस आलेले नाही. भूगोल विभागाला ही गोष्ट भूषणावह नव्हती, म्हणून ती महिनाभर बाहेर फुटू दिली नाही.

दुसरी अडचण हास्यास्पद आणि तितकीच खरी होती. ध्रुवबिंदूची क्षितिजापासूनची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी असते. जळगावचा अक्षांश २१ अंश, धुळ्याचा त्याहून सहा कलांनी कमी. म्हणजे आमच्या बैठकीचा आस जवळजवळ आडवा पडतो. असली यंत्रे चाळीस-पन्नास अंशांवरच्या देशांतील गिऱ्हाइकांना डोळ्यांसमोर ठेवून घडविलेली दिसतात. तेथे आस चांगला उभा असतो आणि त्याला काटकोनात असलेला वजनाचा दांडा तिपाईपासून दूर बाहेर निघतो. आपल्याकडे तो दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि फिरताना तिपाईच्या पायावर आपटतो. आपटला की मोटर कण्हते, चाकाचे दात घसरतात आणि तारा एकदम उडी मारतो. तिपाई वळवून दोन पायांच्या फटीत दांडा आणावा तर सगळा भार उत्तरेकडे कलत असल्याने तिपाई लवंडू पाहते. शेवटी तिपाईच रद्द केली. बोअरच्या केसिंगचा एक तुकडा मिळाला, त्यात वाळू भरली, तळाशी लोखंडी पत्रा वेल्ड करून घेतला, आणि बैठक त्या खांबावर चढविली. खांब बारीक असल्याने दांडा मोकळा फिरतो. वाळूमुळे खांबाची थरथरही लवकर विरते. उलट तिपाईवर दुर्बिणीला नुसते बोट लागले तरी तारा बराच वेळ नाचत असे.

एवढे झाल्यावर ३० सेकंदांच्या चित्रांतले तारे रेघांचे आखूड झाले, पण गोल झाले नाहीत. येथपासून काम खरोखर कठीण झाले. रेघ कोणत्या दिशेची आहे हे पाहणे प्रथम आवश्यक असते. पूर्व-पश्चिम रेघ असेल तर दोष वेगात. उत्तर-दक्षिण असेल तर दोष आसाच्या रोखात. चित्रातील पूर्व-पश्चिम ओळखावयाची युक्ती सोपी आहे: मोटर बंद करून एक चित्र घ्यावे, त्यातली रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. आमची रेघ तिला काटकोनात, म्हणजे उत्तर-दक्षिण होती, आणि एका मिनिटात २८ ठिपके, म्हणजे सुमारे ६२ विकला लांब होती. आस ध्रुवबिंदूपासून एक अंश चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त १६ विकला सरकतो. यावरून आमची चूक चार अंशांच्या घरात निघाली. चार अंश म्हणजे आठ चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढे अंतर.

एवढी चूक व्हावी कशी? आम्ही उत्तर दिशा मोबाइलमधील होकायंत्रावरून घेतली होती. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, म्हणून ते चालेल असे आम्ही धरून चाललो. परंतु फोन ठेवला होता लोखंडी खांबाशेजारी आणि मोटरीवर, जिच्यात चुंबक असते! ध्रुवताऱ्यावरूनच आस लावणे हा राजमार्ग होता, पण वसतिगृहाच्या गच्चीवर नेमकी उत्तरेला पाण्याची टाकी आहे आणि २१ अंशांवरचा ध्रुवतारा तिच्या मागे दडतो.

दोष यंत्राचा की जागेचा हे ठरविण्यासाठी जानेवारीत आम्ही चौघे धुळ्याच्या मित्रांकडे बैठक घेऊन गेलो आणि लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी एक रात्र काढली. तेथे धुळे शहराच्या दिव्यांचा उजेड उत्तरेलाच येतो, तरी ध्रुवतारा स्वच्छ दिसला. ध्रुवतारा हा ध्रुवबिंदूवर नसतो, त्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर असतो. बैठकीच्या आसातल्या छोट्या नळीत त्याची त्या वेळची जागा आखलेली असते, तेथे तो बसवावयाचा. तसे केले आणि एका मिनिटाच्या चित्रांतील उत्तर-दक्षिण रेघ नाहीशी झाली. यंत्र या बाबतीत निर्दोष ठरले. थंडीने बोटे आखडली होती, पण परतीच्या बसमध्ये मला फार हलके वाटले.

पण दर वेळी नव्वद किलोमीटर कोण जाणार? गच्चीवरच खरी उत्तर कायमची आखून घ्यावी असे ठरले. येथे शंकू कामास आला. ओळंब्याच्या दोरीची सावली मध्यान्हाला बरोबर उत्तर-दक्षिण पडते. मात्र मध्यान्ह घड्याळात बारा वाजता होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२॥ अंश रेखांशाची. जळगावचा रेखांश ७५ अंश ३४ कला. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपली दुपार २८ मिनिटे मागे (धुळ्याची आणखी तीन मिनिटे). शिवाय सूर्य स्वतः घड्याळाप्रमाणे चालत नाही. ११ फेब्रुवारीच्या सुमारास तो सरासरीहून सव्वाचौदा मिनिटे उशिरा मध्यावर येतो. दोन्ही मिळवून त्या दिवशीचे मध्यान्ह १२ वाजून ४२ मिनिटांनी आले. फेब्रुवारीत मध्यान्हाच्या आसपास मिनिटभर घड्याळ चुकले तर सावलीची दिशा सुमारे ०.४ अंशाने चुकते, म्हणून वेळ सेकंदांपर्यंत मिळवून घेतली होती. एकाने वेळ पुकारली, मी खडूने सावलीवर रेघ ओढली, आणि नंतर तीच रेघ छिन्नीने गच्चीत कोरली. याला वसतिगृहाची परवानगी नंतर घेतली. हे सगळे चालू असता मला यंत्राध्यायातील शेवटचे यंत्र आठवले. भास्कराचार्यांनी सर्व यंत्रांत श्रेष्ठ म्हणून धीयंत्र, म्हणजे बुद्धी, सांगितले आहे. आमच्या खांबावर ते कुठेच बसविलेले नव्हते आणि डिसेंबरभर त्याचीच उणीव होती.

रेघेवरून आस लावला की चूक पाव-अर्ध्या अंशावर येते. पुढची दुरुस्ती ताऱ्यांकडूनच करून घ्यावी लागते. दक्षिणेला माथ्याच्या रेषेवर असलेला, विषुववृत्ताजवळचा एक तारा घ्यावा. फेब्रुवारीच्या संध्याकाळी बाणातील पश्चिमेचा तारा याला उत्तम. तो दक्षिणेकडे सरकू लागला तर आस पूर्वेकडे झुकला आहे, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेकडे. मग पूर्वेला वर येत असलेला तारा घ्यावा. आम्ही मघा घेतली. ती दक्षिणेकडे सरकली तर आस खाली आहे, उत्तरेकडे सरकली तर वर. बैठकीचे स्क्रू थोडे थोडे फिरवीत राहावयाचे. पहिल्या दिवशी या कामास अडीच तास लागले, नंतर चाळीस मिनिटांत होऊ लागले. शेवटी पाच मिनिटांत सरक दोन-अडीच ठिपक्यांवर आली, म्हणजे आसाची चूक चार कलांच्या आसपास राहिली. विजेचा घोळ मध्ये एकदा झाला. लांब बारीक वायरीतून दाब पडून मोटर अडखळत होती. बॅटरी खांबाजवळ आणून जाड वायर लावली आणि तो प्रश्न मिटला.

तरीही दर पाच-सहा चित्रांत एक बिघडे. या वेळी रेघ पूर्व-पश्चिम होती, म्हणजे दोष वेगात. आम्ही अर्धा तास एकच तारा धरून ३० सेकंदांची ६० चित्रे घेतली आणि प्रत्येकातील ताऱ्याची जागा मोजून आलेखकागदावर मांडली. पावसाचे आलेख काढणाऱ्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हे काम जड नव्हते. जो आलेख निघाला त्यात सुबक लाट होती. माथ्यापासून तळापर्यंत १८ ठिपके, म्हणजे ४० विकला, आणि एक लाट दहा मिनिटांची. या दहा मिनिटांचे कारण बैठकीच्या पोटात आहे. मोटर एक मळसूत्र फिरविते, त्याला वर्म म्हणतात, आणि ते १४४ दातांच्या चाकाला दर फेरीस एक दात पुढे ढकलते. २३ तास ५६ मिनिटांस १४४ ने भागले की दहा मिनिटांस दीड-दोन सेकंद कमी येतात. मळसूत्र केसभर जरी वाकडे असले तरी दर फेरीत ते चाकाला थोडे पुढे आणि थोडे मागे करते. स्वस्त यंत्रात ही लाट असणारच, तिला दोष म्हणता येत नाही. परंतु त्याच लाटेवर सहाव्या, सोळाव्या आणि सव्विसाव्या मिनिटाला पाच ठिपक्यांचा एक हिसका होता. लाट समजली, हिसका समजला नाही.

विक्रेत्याचे म्हणणे, यंत्र परत पाठवा, बघू. परत पाठविले तर मृगाचा हंगाम निघून जाणार, आणि पुन्हा कोणी पैसे मंजूर करणार नाही अशी धास्ती. उघडले तर वॉरंटी जाणार. सरांनी विचारले, ‘‘उघडून पुन्हा जोडता येईल असा कोणी आहे का?’’ मी म्हणालो, ‘‘सर, आमचे आबा मोटर रिवाइंडिंगचे काम करतात. त्यांना दाखवू का?’’ सर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘त्यांना बोलवा.’’

आबांनी महाविद्यालयाची पायरी त्या दिवशी पहिल्यांदा चढली. त्यांनी दुर्बिणीकडे पाहिलेच नाही. मोटर जलद गतीवर चालू करावयास सांगितली, पेचकसाचे टोक बैठकीच्या पोटावर टेकविले आणि मूठ कानाला लावली. पंपाची बेअरिंग ते अशीच ऐकतात. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर म्हणाले, ‘‘यामा काहीतरी अडकेल शे.’’ झाकण काढले. ग्रीसमध्ये मळसूत्राच्या आट्यात पितळेचा बारीक कीस रुतलेला होता, नखाच्या टोकावर मावेल एवढा. चाक घडविताना उडालेला आणि धुतला न गेलेला. आबांनी जुने ग्रीस रॉकेलने धुतले, नवे लावले, आणि मळसूत्र पुन्हा चाकाला भिडविताना मध्ये वहीचा कागद धरून स्क्रू आवळले व कागद ओढून घेतला. फार घट्ट भिडविले तर मोटर कण्हते, सैल ठेवले तर दातांत खेळ राहतो; कागदाएवढी फट पुरे, असे त्यांचे म्हणणे. दुसरीही गोष्ट त्यांनी सांगितली. आम्ही दुर्बीण आणि वजन अगदी समतोल करीत होतो. ते म्हणाले, पूर्वेची बाजू किंचित जड राहू द्या, म्हणजे चाकाचा दात सतत एकाच अंगाने दाबलेला राहील आणि मधल्या फटीत डुलणार नाही. ही सूचना मला पुढे दुर्बिणीवरच्या इंग्रजी पुस्तकातही आढळली. आबांनी ते पुस्तक पाहिलेले नाही; त्यांना ती लेथवरून ठाऊक होती.

वॉरंटी गेली. सरांनी तशी नोंद साठा-वहीत केली आणि खाली स्वतः सही केली. हा निर्णय बरोबर होता की नाही याबद्दल विभागात आजही दोन मते आहेत. पुढे मोटरच जळाली तर मला काय उत्तर देता येईल, हे मलाही माहीत नाही.

हिसका गेला, लाट राहिली. लाटेशी मात्र जुळवून घेता येते, हे आलेखावरच दिसत होते. लाटेच्या उतारावर तारा मिनिटाला साडेबारा विकलांपर्यंत सरकतो, तेथे एक मिनिटाचे चित्रही बिघडते. पण माथ्यावर आणि तळाशी तो जवळजवळ थांबलेला असतो. तेथे दोन मिनिटांत दोन ठिपक्यांहून कमी सरक येते. म्हणून मळसूत्राच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला आणि तो ठिपका वर किंवा खाली येईल तेव्हाच कॅमेरा उघडावयाचा, असे ठरविले. दर दहा मिनिटांत दोन चित्रे मिळतात. जास्त पैसे असलेले लोक यासाठी दुसरी लहान दुर्बीण व कॅमेरा लावून मोटरीला सतत दुरुस्त करीत राहतात. आमच्याकडे एका मित्राने विजेरी घेऊन ठिपक्याकडे पाहत बसावे लागते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात या पद्धतीने मृगातील तेजोमेघाची वीस चित्रे घेतली आणि ती संगणकावर एकावर एक रचली. तारे गोल आले. एका कोपऱ्यात ते किंचित लांबट आहेत, त्याचे कारण भिंग आहे की कॅमेरा तिरका बसला आहे, हे शोधणे चालू आहे. चित्र भूगोल विभागाच्या फलकावर लावले आहे, आणि त्याच्या शेजारी ६० ठिपक्यांचा तो आलेखही. गच्चीवरील रेघ टाकीच्या दक्षिणेस सहा पावलांवर आहे. खांब तिच्यावर कसा ठेवावा हे साठा-वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे.